रानात सापडलेली बंदूक कोणाची?

समजा, विष्णुपुरीच्या वरच्या अंगाला, गोदाकाठच्या बाभूळबनात शेळ्या राखणाऱ्या एका पोराच्या काठीला मातीत काहीतरी खणकन लागले. त्याने उकरून पाहिले. लाल गंजाने फुगलेली एक लांब लोखंडी नळी निघाली. तिच्या एका टोकाला कुजक्या लाकडाचा तुकडा चिकटलेला. पोराने ती खांद्यावर टाकली आणि गावात आणली. पारावर माणसे जमली. एकजण म्हणाला, "ही रझाकाराच्या टायमातली हाय." दुसरा म्हणाला, "छे, शिवाजी महाराजांच्या वेळची." तिसऱ्याने ती हातात घेऊन तोलली आणि म्हणाला, "तीन किलो तरी भरंल. भंगारवाला काय देतोय बघा."

हा प्रसंग मी रचलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण नांदेड-लातूरच्या मुलखात तो कोणत्याही दिवशी घडू शकेल. 1724 पासून 1948 पर्यंत हा मुलूख निझामाच्या राज्यात होता. या सव्वादोनशे वर्षांत या रानांतून मोगलाई स्वार गेले, मराठ्यांच्या फौजा गेल्या, फ्रेंचांनी शिकवलेल्या पलटणी गेल्या, अरब आणि रोहिले गेले, नाईकांची माणसे गेली, इंग्रजी अंमलदारांच्या हाताखालचे शिपाई गेले, आणि शेवटी रझाकार आणि त्यांच्याशी झुंजणारे स्टेट काँग्रेसचे स्वयंसेवकही गेले. एवढ्या लोकांनी हत्यारे वागवली, त्यांपैकी काही टाकली, काही पुरली, काही हरवली. तेव्हा एखादी नळी वर आली तर नवल नाही. ती कोणाची, हे तिच्यापासूनच कसे काढून घ्यायचे, एवढ्याविषयी आज आपण बोलू.

पारावरच्या तिघांपैकी भंगाराची गोष्ट काढणारा वस्तू घालवतो, हे तर उघडच आहे. पण माझ्या मते पहिले दोघेही कमी नुकसान करीत नाहीत. एकदा नाव चिकटले की ते निघत नाही. मग पुढची पन्नास वर्षे ती बंदूक त्याच नावाने शाळेच्या कपाटात पडून राहते.

आता पहिली गोष्ट, आणि ही अगदी कान देऊन ऐका. बंदूक जुनी आहे म्हणून ती मेलेली आहे असे समजू नका. ठासणीच्या बंदुकीत भरलेला बार तसाच राहून गेल्याचे पुष्कळदा आढळते. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. पाणी लागले तर सोरा विरघळून जातो हे खरे. पण पुढून बोळा घट्ट बसलेला असेल आणि मागचे भोक गंजाने बुजले असेल तर आतली दारू कोरडी राहते, आणि कोरडी राहिलेली दारू शंभर वर्षांनीही पेट घेते. म्हणून तिच्या तोंडासमोर उभे राहू नका, घोडा ओढून पाहू नका, आत सळई खुपसू नका. लोहाराच्या भात्यावर तर ती चुकूनही धरू नका. गंज झाडायचा म्हणून नळी तापवण्याची बुद्धी काहींना होते. ती जिवावर बेतेल. जिथे सापडली तिथेच राहू द्यावी, पोरासोरांना दूर करावे आणि पोलीस पाटलामार्फत ठाण्यात कळवावे. 1959 च्या शस्त्र कायद्यात कालबाह्य आणि दुरुस्तीनेही न चालणाऱ्या हत्यारांना सवलत आहे, हे ऐकून काही मंडळी निर्धास्त होतात. पण ते हत्यार तसे आहे की नाही हे ठरवणारे तुम्ही-आम्ही नव्हे.

दुसरी गोष्ट, घासू नका. वाळू, विटकर, तारेचा ब्रश, रॉकेल, यांपैकी काहीही नको. गंजाच्या पापुद्र्याखालीच छाप असतात, अक्षरे असतात, कधी सन असतो. धरणाचे पाणी उन्हाळ्यात ओसरल्यावर ओल्या गाळात काही सापडले असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. पाण्यात राहिलेले लाकूड उन्हात वाळवले की आक्रसते आणि त्याचे तुकडे पडतात. ते ओल्या फडक्यात, त्याच गाळासकट ठेवलेले बरे. उलट कोरड्या माळावर सापडलेले लोखंड कोरडेच ठेवावे.

पोलिसांनी ती रिकामी असल्याची खात्री करून घेतली, पंचनामा झाला, राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या माणसाला बोलावणे गेले, असे धरून चालू. आता आपण तिला प्रश्न विचारायला मोकळे झालो. "तू कोणाची?" हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा. पहिला प्रश्न असा की, "तू पेटत होतीस कशी?"

बंदुकीचा सारा इतिहास या एका प्रश्नात आहे. नळीत दारू, दारूवर गोळी, हे शेकडो वर्षे बदलले नाही. बदलत गेली ती आतल्या दारूपर्यंत विस्तव पोचवायची युक्ती.

सर्वांत जुनी युक्ती तोड्याची. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुताची दोरी. ती उदबत्तीसारखी धुमसत राहते. नळीच्या मागच्या टोकाला उजव्या बाजूस एक बारीक भोक असते, त्याला कान म्हणतात, आणि कानाशी एक छोटी वाटी. वाटीत चिमूटभर रंजक घालायची. चाप दाबला की पेटता तोडा खाली येऊन रंजकीला टेकतो, रंजक भडकते, जाळ कानातून आत जातो आणि बार उडतो. आपल्या देशी तोडेदार बंदुकीची खूण म्हणजे ही वाटी नळीलाच जोडलेली असते. लाकूड सगळे कुजले तरी वाटी नळीबरोबर राहते. दस्ता बहुधा सरळ आणि बारीक, नळी लांब, मागच्या अंगाला जाड.

ही बंदूक कशी असे ते समजायला नांदेडकरांना लांब जायला नको. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वारात गुरू गोविंदसिंगांची म्हणून जी शस्त्रे जपून ठेवलेली आहेत, त्यांत एक तोडेदार बंदूक आहे. गुरूंचे देहावसान नांदेडलाच 1708 मध्ये झाले. त्या काळी हिंदुस्थानात सगळीकडे हीच बंदूक चाले.

अशा नळ्या घडवायची रीत अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त लिहून ठेवली आहे. लोखंडाचा पत्रा नुसता गोल वळवून कडेला कड जोडली तर नळी फुटायची. म्हणून अकबराच्या कारखान्यात पत्रा पीळ देऊन, एकावर एक घडी येईल असा गुंडाळून तापवून ठोकीत. इथे गंज आपल्या मदतीला येतो, हे पाहा. पीळ देऊन घडवलेले जुने लोखंड गंजले की गंज मऊ रेघांतून जास्त शिरतो, आणि नळीवर दोरीच्या पिळासारख्या तिरक्या रेषा उमटतात. नवी असताना जे डोळ्याला दिसत नव्हते ते गंजल्यावर दिसू लागते! याच ग्रंथात असेही आहे की शाही कारखान्यातल्या बंदुकीवर लोखंडाचे वजन, ते कुठून आले, कारागीर, जागा आणि साल हे सगळे नोंदवीत. आपल्या रानातल्या नळीवर एवढा ऐवज मिळेल अशी आशा नको. तरी कानाच्या आसपास आणि नळीच्या वरच्या पाठीवर अक्षरे शोधायची ती यासाठी.

दुसरी युक्ती गारेची. घोड्याच्या तोंडात गारेचा तुकडा धरलेला असतो. चाप ओढला की तो पोलादी पट्टीवर आपटतो, ठिणगी पडते, रंजक पेटते. पावसात धुमसती दोरी सांभाळायचे झंझट गेले, आणि रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहणाऱ्या शिपायांना शेजाऱ्याच्या तोड्याची भीती उरली नाही. ही गारेची बंदूक आणि तिच्याबरोबरची कवायत दख्खनेत मुरली ती अठराव्या शतकात, मुख्यतः फ्रेंचांच्या हातून. बुसीच्या हाताखाली शिकलेला इब्राहिमखान गारदी पुढे निझामाची चाकरी सोडून मराठ्यांकडे आला. 3 फेब्रुवारी 1760 ला उदगीरच्या लढाईत सदाशिवरावभाऊंनी निझामाला नमवले, त्या लढाईत त्याच्या गारद्यांचा मोठा वाटा होता. उदगीर म्हणजे आपल्या लातूर जिल्ह्यातलेच. त्यानंतर वर्षभराच्या आतच हे भाऊ आणि हा गारदी दोघेही पानिपतावर पडले.

निझामाने पुढे रेमाँ नावाचा दुसरा फ्रेंच सरदार पदरी ठेवला. हैदराबादचे लोक त्याला मूसा राम म्हणत. मूसारामबाग हे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. त्याने हैदराबादेत तोफा आणि बंदुका घडवण्याचा कारखाना उभा केला. 1795 च्या मार्चमध्ये खर्ड्याला मराठ्यांशी लढले ते त्याचेच कंपू. 1798 च्या मार्चमध्ये रेमाँ वारला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्रजांनी त्याच्या पलटणींची हत्यारे काढून घेतली. तेव्हापासून निझामी मुलखात इंग्रजी बनावटीची बंदूक चालू झाली.

फ्रेंच धर्तीची कोणती आणि इंग्रजी कोणती, हे गंजल्यावर ओळखायचे कसे? आहे, त्यालाही सोपी खूण आहे. नळी लाकडाला बसवायची रीत दोघांची वेगळी. फ्रेंच बंदुकीत नळी आणि लाकूड यांना मिळून लोखंडी कड्या घालीत. इंग्रजांच्या जुन्या गारेच्या बंदुकीत कड्या नसत. नळीच्या पोटाला छोटे कान डाखलेले असत आणि लाकडातून आडव्या खिळ्या त्यांत घालीत. लाकूड गेले तरी एक तर कड्या सापडतील, नाहीतर नळीच्या पोटाला ते कान सापडतील. इंग्रजी नळीचे भोक सुमारे 19 मिलिमीटर, फ्रेंच नळीचे सुमारे साडेसतरा. इंग्रजी बंदुकीचे इतर साज, म्हणजे दस्त्याच्या टाचेची पट्टी, चापावरची कमान, गज अडकवायच्या नळकांड्या, हे पितळेचे. पितळ हिरवे पडते पण लोखंडासारखे झडून जात नाही. म्हणून जिथे नळी सापडली तिथली माती चाळणीने चाळायला हवी, आणि ते काम जाणत्याच्या देखरेखीखालीच व्हावे.

त्या चाळणीत एखादा कोरलेला दगड आला तर तो फेकू नका. बंदुकीची गार विलायतेहून येई; ती खडूच्या थरांत सापडते. आपल्या काळ्या दगडाच्या मुलखात अकीक मिळतो, गारगोटी मिळते, पण असा दगड निपजत नाही. नखाएवढा, पाचरीसारखा घडवलेला तुकडा काळसर राखी असला तर तो बहुधा इंग्लंडचा, मधाच्या रंगाचा असला तर फ्रान्सचा. बंदूक सापडली नाही आणि नुसता हा तुकडा सापडला, तरी तिथे एके काळी गारेची बंदूक होती हे कळले.

कुलपाच्या पट्टीवरही पाहावे. कंपनी सरकारच्या जुन्या मालावर हृदयाच्या आकृतीत चार खाने आणि त्यांत अक्षरे असा छाप असे. 1808 च्या सुमारास तो जाऊन मागच्या पायांवर उभा असलेला सिंह आला. म्हणजे एका छापावरून बंदूक कोणत्या काठावर बसवायची ते ठरते.

या छापाच्या बंदुका आपल्या भागात आल्या कशा? रेसिडेंट रसेलने निझामाच्या खर्चाने उभारलेल्या पलटणी इंग्रजी अंमलदारांच्या हाताखाली होत्या. हदगाव-उमरखेडच्या बाजूला नोवसाजी नाईक उठला आणि नोव्ह्याच्या गढीत शिरला, तेव्हा मेजर पिटमनने या पलटणी नेऊन तिला वेढा घातला. 8 जानेवारी 1819 ला वेढा पडला आणि 31 तारखेला गढी गेली. आत बहुतेक अरब शिपाई होते आणि ते हटले नाहीत. शेकडो कापले गेले. हा प्रसंग आपल्या शाळांतून का सांगितला जात नाही ते मला कळलेले नाही. त्या दिवशी गढीच्या बाहेरच्या फळीत गारेच्या विलायती बंदुका होत्या. आतले अरब मात्र, त्या काळच्या त्यांच्या जातभाईंप्रमाणे, लांब नळीच्या तोडेदार बंदुका वापरणारे. तेव्हा एकाच ठिकाणी, एकाच दिवशी पडलेल्या दोन बंदुका बनावटीने शंभर वर्षे दूर असू शकतात, हे ध्यानात ठेवा. पुढे याचे काम पडणार आहे.

तिसरी युक्ती टोपीची. तांब्याची इवलीशी टोपी, आत भडका घेणारे औषध. घोडा टोपीवर आपटला की जाळ आत. इंग्रजांनी 1840 च्या आगेमागे ही टोपी फौजेत घेतली. टोपीच्या बंदुकीला वाटी नसते. त्या जागी नळीवर बोंडासारखे एक निमुळते नळकांडे असते. ते दिसले की बंदूक 1840 च्या अलीकडची, किंवा जुनी असून नंतर बदलून घेतलेली. असे बदल खूप होत, म्हणून वाटी छाटून टाकल्याची जागा दिसते का तेही पाहावे.

टोपीच्या बंदुकांत सर्वांत प्रसिद्ध 1853 ची एन्फील्ड. हिच्याच काडतुसाच्या चरबीवरून 1857 चा वणवा पेटला. तीन कड्या, पट्टीवर मुकुट, टॉवर हा शब्द आणि सन. इथे घाईने निकाल देणारा हमखास फसतो. कड्या पाहून तो म्हणेल फ्रेंच. बोंड पाहिले तर म्हणेल एन्फील्ड रायफल. पण 1857 नंतर इंग्रजांना हिंदी शिपायावर विश्वास राहिला नाही. त्यांनी बाहेरून हुबेहूब एन्फील्डसारखीच, पण आतून गुळगुळीत अशी बंदूक हिंदी पलटणींसाठी केली. खऱ्या एन्फील्डच्या नळीत आतून तीन पीळदार खाचा असतात. त्यांमुळे गोळी फिरत जाते, लांब आणि नेमकी जाते. तिचे भोक सुमारे साडेचौदा ते पंधरा मिलिमीटर. हिंदी शिपायाच्या बंदुकीत खाचा नाहीत आणि भोक सुमारे साडेसोळा-सतरा. म्हणजे नळीच्या आत डोकावल्यावर एका राज्याच्या मनातली भीती दिसते! शिक्षक मित्रहो, 1857 नंतर सरकारचे धोरण कसे बदलले हे फळ्यावर लिहून सांगण्यापेक्षा असे दोन नळ्यांचे आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवा. मुले विसरणार नाहीत.

त्यापुढची गोष्ट थोडक्यात. 1866 नंतर मागून काडतूस घालायच्या रायफली आल्या. स्नायडर, मग मार्टिनी-हेन्री, आणि शतकाच्या अखेरीस ली-मेटफर्ड आणि ली-एन्फील्ड. ली-एन्फील्डचे भोक अवघे 7.7 मिलिमीटर, शाळेतली पेन्सिल जेमतेम जाईल एवढे. आत बहुधा पाच खाचा, आणि मागे कडीसारखा मागेपुढे सरकणारा खटका. बंगालात ईशापूरच्या कारखान्यात 1907 पासून रायफली होऊ लागल्या. त्यांवर ठिकाणाचे नाव आणि सन असतो. दुसऱ्या महायुद्धातली स्टेनगन तर दिसायला नळकाम करणाऱ्याने उरल्या तुकड्यांतून जोडल्यासारखी. ती गंजून सापडली तर कोणीही तिला मोटारीचा भाग समजेल.

आता पारावरचा पहिला माणूस काय म्हणाला होता ते आठवा. "रझाकाराच्या टायमातली." वाटीची किंवा बोंडाची ठासणीची बंदूक पाहून एखादा शिकलेला माणूस त्याला हसेल आणि म्हणेल, अरे, ही तर शंभर वर्षे आधीची. मित्रहो, तो शिकलेला माणूस चुकेल.

1947-48 मध्ये या मुलखात काय चालले होते ते तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी सांगितले असेल. निझामाने भारतात सामील व्हायचे नाकारले. कासीम रझवी हा लातूरला वकिली केलेला माणूस. त्याच्या रझाकार संघटनेने खेड्यापाड्यांत दहशत बसवली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने लढा दिला. पैनगंगेच्या अलीकडे निझामाचे राज्य, पलीकडे वऱ्हाड. पलीकडे उमरखेडसारख्या ठिकाणी स्वयंसेवकांची शिबिरे होती, आणि मधली सागवानी राने रात्री माणसांनी जागी असत. 30 जानेवारी 1948 ला, दिल्लीत महात्माजींची हत्या झाली त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यात उमरीची सरकारी बँक स्वयंसेवकांनी लढ्याच्या खर्चासाठी लुटली. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या विमानांनी निझामाला हत्यारे पोचवत होता. पण ती नवी हत्यारे सगळ्यांच्या हातात गेली नाहीत. रझाकारांतल्या पुष्कळांकडे तलवारी आणि ठासणीच्याच बंदुका होत्या. तिकडे खेड्यांतही रानडुकरांपासून पीक राखायला ठासणीची बंदूक असे. त्यांपैकी काही गावाच्या राखणीला बाहेर निघाल्या असतील तर नवल नाही.

म्हणून ठासणीची बंदूक 1819 ला पडलेली असेल, 1857 ला पडलेली असेल आणि 1948 लाही. बंदूक घडली कधी, हे लोखंड सांगते. ती टाकली गेली कधी, हे लोखंड सांगत नाही. ते जागा सांगते.

दूर अमेरिकेत याचे एक उत्तम उदाहरण घडले. 2014 च्या नोव्हेंबरात नेवाडा राज्यातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात पुरातत्त्व खात्याच्या लोकांना एका झाडाला टेकून उभी असलेली रायफल दिसली. लाकूड उन्हापावसाने करडे पडलेले, झाडाच्या सालीत मिसळून गेलेले. दस्त्याचे टोक मातीत रुतलेले. ती 1873 च्या नमुन्याची विंचेस्टर निघाली. तिच्यावर अनुक्रमांक होता. कारखान्याच्या जुन्या वह्यांतून तो अंक शोधला, तेव्हा ती 1882 मध्ये तयार होऊन रवाना झाल्याचे कळले. पुढे क्ष-किरणांनी पाहिले तर दस्त्याच्या पोकळीत एक काडतूस मिळाले, तेही 1887 ते 1911 या दरम्यानच्या बनावटीचे. म्हणजे 1887 च्या आधी ती झाडाला टेकवलेली नाही, एवढे नक्की झाले. एवढा अंक, एवढ्या वह्या, एवढी यंत्रे. पण ती तिथे कोणी ठेवली आणि तो माणूस परत का आला नाही, हे आजही कोणाला सांगता आलेले नाही. आणि हे न सांगता येणे त्या लोकांनी लपवले नाही. बंदूक उचलली ती जागेची मोजमापे आणि छायाचित्रे घेऊन मगच उचलली.

आपल्या पोराने मात्र खांद्यावर टाकून आणली! त्याला रागावू नका. त्याला कोण शिकवणार होते? त्याच दिवशी त्याला बरोबर घेऊन त्या जागी जा. झाड कोणते, ओढा किती पावलांवर, नळी उभी होती का आडवी, किती खोल होती, वर माती होती का पाल्याचा थर, हे तो सांगेल. पोरांची नजर चांगली असते. फडक्यात गुंडाळून पुरलेली बंदूक आणि हातातून पडलेली बंदूक यांत फार अंतर आहे. पुरणारा माणूस परत येणार होता. शेजारी शिशाच्या गोळ्या निघाल्या, तांब्याची टोपी निघाली, एखादे नाणे निघाले, तर ते बंदुकीइतकेच महत्त्वाचे. निझामाच्या हाली शिक्क्यावर साल असते. बंदुकीखाली 1940 नंतरचा शिक्का निघाला तर शिकलेल्या माणसाचा 1857 तिथेच संपला.

मग गावातल्या म्हाताऱ्यांकडे जा. हे मात्र जपून करायचे काम आहे, आणि का ते सांगतो. 13 ते 17 सप्टेंबर 1948 या पाच दिवसांत भारतीय सैन्याने निझामी राजवट संपवली. आपण 17 सप्टेंबर हा मुक्तिदिन पाळतो. पण त्यानंतरच्या आठवड्यांत या मुलखातल्या कित्येक निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवर सूड उगवला गेला. सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने ज्या चार जिल्ह्यांत सर्वांत अधिक हानी झाल्याचे नोंदवले, त्यांत नांदेड होता, आणि उस्मानाबाद होता, म्हणजे आजच्या लातूरचा मोठा भागही त्यात आला. उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यात होते, आणि बीदरही त्या चारांत होता. चौथा गुलबर्गा. तो अहवाल लोकांच्या वाचनात यायला 2013 उजाडले.

म्हणून "ही रझाकाराची" हे दोन शब्द साधे नाहीत. ज्या शेताच्या बांधावर नळी सापडली त्या शेताचा तेव्हाचा मालक कोण होता, हे गावाला माहीत असते. शब्द उच्चारला की बोट कोणत्या घराकडे जाते तेही गावाला माहीत असते. त्या घरात आज नातू-पणतू राहतात, तुमच्या शाळेत त्यांची मुले येतात. आणि खरे पाहता ती बंदूक त्या घराची नसेलही. कदाचित स्टेट काँग्रेसच्या एखाद्या स्वयंसेवकाने पलीकडे जाताना तिथे दडवली असेल, आणि ज्याने दडवली तो परत आला नसेल. मग त्याच्या वाट्याचे नाव आपण दुसऱ्याला, तेही शिवी म्हणून, देऊन बसलो. कदाचित ती नुसती डुकरे हाकलायची बंदूक असेल. 1948 च्या अखेरीस परवान्याच्या आणि झडतीच्या धास्तीने विहिरीत किंवा रानात हत्यार टाकून देणारा माणूस कोणत्याही पक्षाचा असू शकतो.

म्हाताऱ्यांना विचारताना "ही रझाकाराची का?" असे विचारू नका. उत्तर प्रश्नातच दिल्यासारखे होते. "त्या रानात पूर्वी कोण जात असे? बंदूक कोणाकोणाकडे होती? ती पुढे कुठे गेली?" असे विचारा आणि गप्प बसा. बोलणाऱ्याचे शब्द बोलले तसे लिहा. दोन म्हातारे दोन गोष्टी सांगतील, दोन्ही लिहा. त्या काळचे पाहिलेले लोक आता फार थोडे राहिले आहेत. त्यांच्या मुलांनी ऐकलेले असते, तेही चालेल, पण ऐकीव आहे असा शेरा शेजारी हवा.

शाळेत एक जाड पुठ्ठ्याची वही करा. तीत बंदुकीचे मोजमाप, लांबी, भोक, कड्या की खिळ्या, वाटी की बोंड, दिसतील ते छाप हुबेहूब काढून, जागेचा नकाशा आणि म्हाताऱ्यांचे बोल. चित्रकलेच्या गुरुजींना छाप उतरवायला सांगा. छायाचित्रात जे येत नाही ते पेन्सिलीने येते. 'कोणाची' या रकान्यात काही लिहायची घाई करू नका, तो मोकळा ठेवला तरी वही बिघडत नाही. बंदूक संग्रहालयात जाईल तेव्हा वहीची एक प्रत तिच्याबरोबर जाऊ द्या, कारण कपाटात ठेवलेल्या लोखंडाला आपण कोणत्या झाडाखाली होतो ते सांगता येत नाही. आणि पहिल्या पानावर, सगळ्यांच्या वर, त्या शेळ्या राखणाऱ्या पोराचे नाव लिहा. सापडली ती त्याला.